बोरू लोळवायचा असेल तर फुलाची वाट पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या हप्त्यात आपल्या पेपरात शेतीच्या पानावर हिरवळीच्या खताबद्दल जे छापून आलं ते वाचलं. लिहिलं चांगलं होतं पण फोटोत ट्रॅक्टरला लावलेला गोल ड्रम आणि त्याच्याखाली आडवा पडलेला बोरू, म्हणजे ताग, दाखवलाय, आणि खाली मजकुरात म्हणलंय की ४०-४५ दिवसांचा झाला की जमिनीत गाडावा. आता फोटो लोळवण्याचा आणि तारीख गाडण्याची, ही दोन वेगळी कामं आहेत साहेब, गाडणं म्हणजे पीक मातीत मिसळणं आणि लोळवणं म्हणजे ते जमिनीवरच आडवं पाडून वाळू देणं, म्हणजे पाल्याची चटई होते आणि तिच्यातच पुढचं पीक पेरता येतं, आणि याच एका घोळापायी आमच्या गावात हा सगळा प्रकार तीन वर्षांपासून बदनाम होऊन बसलाय म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय. जागा नसेल तर मधलं कापा पण तारखेचं कापू नका.

मी वाशिम जिल्ह्यातला साधा कास्तकार. सात एकर वावर आहे, त्यातलं दोन एकर नाल्याच्या काठचं, भारी काळी जमीन, चार दिवस झड लागली की चप्पल चिखलात आणि आपण अनवाणी धुऱ्यावर. त्या दोन एकरात सोयाबीन पेरायचं म्हणजे बियाणं नाल्याला वाहायचं. तरी आम्ही दरवर्षी पेरतोच, कारण शेजारी पेरतो. एक वर्ष पिवळं पडून गेलं, एक वर्ष दुबार पेरणी करून पण कमरेला आलं नाही, मग डोक्यात आलं की या तुकड्यात खरिपाचा नादच सोडून द्यावा, पावसाळ्यात बोरू घ्यावा आणि रब्बीत विहिरीच्या पाण्यावर मका किंवा ज्वारी घ्यावी. आमच्या आज्याच्या काळी काळ्या भारी जमिनी खरिपात पाडून ठेवायचे आणि रब्बीत ज्वारी पेरायचे, त्यात काही नवीन नाही, फक्त पडीक जमिनीवर बोरू उभा करायचा एवढाच फरक.

बोरूला जुनी माणसं सन म्हणतात, ज्याच्या दोऱ्या वळायचे तो. माझा आजा सनाच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून सडवायचा, त्या वासानं आठ दिवस तिकडं कोणी आंघोळीला जायचं नाही. मग सोलून दोरी, बैलाचे कासरे, खाटेची विण सगळं घरचं. हे सांगायचं कारण असं की या पिकाचा धागाच इतका चिवट आहे की पुढची सगळी गोष्ट त्या धाग्याभोवती फिरते.

तर तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात एक प्रात्यक्षिक झालं. कोणी केलं ते लिहीत नाही, माणसं चांगली होती आणि उद्देशही चांगला होता. एका वावरात बोरू पेरलेला, हिरवागार, छातीएवढा, फुलाचा पत्ता नाही. ऑगस्टचा महिना, जमीन ओली. ड्रम फिरवला, बोरू चटईसारखा झोपला, सगळ्यांनी मोबाईल काढले, व्हिडिओ झाला, चहा झाला, गाडी गेली. चौथ्या दिवशी जाऊन पाहतो तर सगळ्या बोरूनं शेंडे वर काढलेले, नागानं फणा काढावा तसे. दहाव्या दिवशी परत उभा! खालची खोडं आडवी आणि वरचा भाग सरळ आभाळाकडं. आणि त्या आडव्या-उभ्याच्या जाळ्यात ना वखर चालेना ना रोटाव्हेटर. आमच्या गावचे एक काका, वय सत्तरच्या वर, धुऱ्यावर बसून म्हणाले, "हे तं मेलेलं मढं उठून बसलं बावा! तुमच्या ड्रमापेक्षा माही म्हैस लोळली असती तं बरं झालं असतं." हसून हसून पोटं दुखली आणि त्या हसण्यात विषय संपला. तेव्हापासून गावात कोणी लोळवायचं नाव काढलं की लोक म्हशीचा भाव विचारतात.

मला पण तेव्हा हसूच आलं. पण डोक्यातून जाईना, कारण मोबाईलवर बाहेरच्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिलेले, त्यांचं पीक झोपलं की झोपलं, उठत नाही. मग आपलंच कसं उठलं? नंतर वाचत गेलो, कृषी विज्ञान केंद्रातल्या एका साहेबांना दोन-तीनदा फोन केले आणि मग उजेड पडला. गाडायचं असेल तर पीक कोवळं पाहिजे, लुसलुशीत, म्हणजे मातीत गेल्यावर पटकन कुजतं, म्हणून ते ४०-४५ दिवस. लोळवायचं असेल तर बरोबर उलटं. रोलर पीक कापत नाही, उपटत नाही, नुसतं खोड जागोजागी चेचतो. कोवळं झाड चेचलं तरी त्याच्या अंगात वाढायची ताकद असते, ते बगलेतून फुटतं, शेंडा वाकवून सूर्याकडं जातं. पण झाड एकदा फुलावर आलं की त्याचं सगळं लक्ष वंश वाढवण्याकडं, नवीन फुटवा काढायची ताकद कमी झालेली असते, तेव्हा खोड चेचलं की रसाचा रस्ता बंद होतो आणि ते तिथंच वाळून जातं. एवढीच गोष्ट आहे. ड्रम तोच, वावर तेच, दिवस चुकला.

तिकडं थंड मुलखात राय नावाचं गव्हाच्या जातीचं धान्य लोळवतात, तेही फुलोऱ्यात परागकण उडायला लागले की मगच, आधी केलं तर राय सुद्धा उठते. (यावरून एक गंमत, आमच्या ग्रुपवर कोणीतरी तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं 'राई लोळवा', तर दोन जणांनी मला फोन करून विचारलं की मोहरी लोळवायची का.)

हे काही अमेरिकेनं काल काढलेलं खूळ नाही. ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या कास्तकारानं १९७२ साली नांगर सोडला, कारण पावसानं त्याची माती वाहून चालली होती, आणि त्याच्यामागून तिकडचे हजारो शेतकरी गेले. ते काळा ओट वाढवतात, पात्यांच्या रोलरनं लोळवतात आणि त्याच्यातच सोयाबीन पेरतात. त्या रोलरला त्यांच्या भाषेत रोलो-फाका म्हणतात, म्हणजे सुऱ्यांचा रोलर. पुढं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल इन्स्टिट्यूटनं हा ड्रम ट्रॅक्टरच्या तोंडाला लावला, म्हणजे पुढं पीक झोपतंय आणि मागं पेरणी यंत्र पेरतंय, एकाच फेरीत काम. अलाबामात, म्हणजे आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात, ऑबर्न गावच्या सरकारी प्रयोगशाळेत कापसाआधी राय लोळवण्यावर बरंच काम झालंय. आणि आपल्याकडं आच्छादन हा शब्द काय नवीन आहे का, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत, बीजामृत, आच्छादन, वाफसा हे अख्ख्या देशाला पाठ करायला लावलं. पण आच्छादन करायला पालापाचोळा आणायचा कुठून हा प्रश्न प्रत्येक कास्तकार विचारतो, कुटार तर गुरांनाच पुरत नाही. त्याचं उत्तर हेच की ज्या वावरात पाहिजे तिथंच उगवा आणि तिथंच झोपवा, वाहतूक शून्य.

आता माझं सांगतो. गेल्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या हप्त्यात दोन एकरात बोरू टाकला, एकरी २५ किलो, दाट. दाट का, तर विरळ पेरला की फांद्या करतो आणि खोड जाड होतं, दाट पेरला की सरळ बारीक जातो आणि नीट चेचला जातो. खालच्या कोपऱ्यात जिथं पाणी साचतं तिथं बोरू आठ दिवसांत पिवळा होऊन गेला, बोरूला उभं पाणी चालत नाही हे मला माहीत असायला पाहिजे होतं, नव्हतं. यंदा त्या कोपऱ्यात धैंचा टाकलाय, ते पण हिरवळीच्या खताचंच पीक, तो पाण्यात उभा राहतो.

ड्रम गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. भंगारातला जाड पत्र्याचा पाईप, दोन फूट व्यासाचा आणि पाच फूट लांब, दोन्ही तोंडं बंद, एका बाजूला बूच, पाणी भरून वजन वाढवायला. त्याच्यावर लोखंडी पट्ट्या उभ्या वेल्ड केल्या. इथं पहिली चूक. मी पट्ट्या सरळ लावायला सांगितल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ट्रॅक्टर चालू झाला आणि धाड धाड धाड, प्रत्येक पट्टी जमिनीवर एकदम आपटते, ट्रॅक्टर उड्या मारतो, ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, माह्य कंबर मोडलं तं दवाखान्याचं बिल तुम्हीच भरसान." अर्ध्या तासात बंद केलं. तिकडचे लोक पट्ट्या तिरप्या, बाणाच्या टोकासारख्या का लावतात ते तेव्हा कळलं, म्हणजे कोणत्याही क्षणी पट्टीचा थोडाच भाग जमिनीला टेकलेला असतो, सगळं वजन त्या थोड्या जागेवर येतं आणि ड्रम गुळगुळीत चालतो. सगळ्या पट्ट्या काढून परत लावल्या, वेल्डिंगवाल्यानं दुप्पट पैसे घेतले, त्याचं काही चुकलं नाही.

दुसरी गोष्ट, पट्टीला धार लावू नका. मला पण वाटलं होतं धार असली तर बरं. पण धार असली की खोड कापलं जातं, कापलेलं खोड बुडातून फुटतं आणि सुटा झालेला पाला पेरताना फणात गोळा होतो. बोथट पाहिजे. झाड मुळाला धरून राहिलं पाहिजे आणि वरून चेचलं पाहिजे, म्हणजे ते जागच्या जागी चटई होतं.

बोरू सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिवळा झाला. फुलांचा पिवळा म्हणतोय. बोरूचं असं आहे की दिवस लहान व्हायला लागले की फुलतो, त्यामुळं जूनमध्ये पेरला की नुसता उंचच उंच जातो आणि जुलैच्या शेवटी पेरला की कमी दिवसांत फुलावर येतो. काळे भुंगे इतके की वावरात सतत घूं घूं आवाज. मी थांबलो. शेजारी म्हणाले आता गाड, खत जुनं होऊन राहिलं. तरी थांबलो. बहुतेक झाडं फुलली आणि खालच्या फुलांच्या जागी बारीक कोवळ्या शेंगा दिसल्या तेव्हा, महिन्याच्या शेवटी, वाफसा पाहून, म्हणजे जमिनीतला जास्तीचा ओलावा उतरल्यावर, ड्रम फिरवला. शेंगा भरायच्या आधी फिरवायचा हे पण महत्त्वाचं, नाहीतर दाणे पडून पुढच्या वर्षी बोरूच तण होतो. म्हणजे धरून चाला आठ-दहा दिवसांची खिडकी आहे, त्याच्या आधी उठतो, नंतर बी सांडतो.

आणि वाफसा. जमीन ओली असली की खोड मातीत दाबलं जातं, चेचलं जात नाही, गादीवर हातोडा मारल्यासारखं. खालून जमीन कडक पाहिजे. प्रात्यक्षिकात हे पण चुकलं होतं.

दोन एकरातला एकच एकर लोळवला. दुसऱ्या एकरात मुद्दाम रोटाव्हेटरनं गाडला, तुलना व्हावी म्हणून. आणि तिथं आज्याचा सन आठवला! ६५-७० दिवसांचा बोरू म्हणजे दोरीच की, रोटाव्हेटरच्या शाफ्टला असा गुंडाळला की दर पंधरा मिनिटांनी बंद करून दोन माणसं विळे घेऊन खाली. दुपारपर्यंत जायला पाहिजे तिथं रात्र झाली. डिझेल गेलं ते वेगळंच. लोळवलेला एकर दोन तासांत झाला, तोही दोनदा फिरवून, कारण पहिल्या फेरीत काही पट्टे उभे राहिले.

लोळवल्यावर लगेच पेरलं नाही. दहा-बारा दिवस जाऊ दिले, वाळू दिलं. दसरा झाल्यावर मका टोकला. टोकण यंत्रानं, ते हातानं ढकलायचं चाकवालं असतं ना, चोची असलेलं, त्यानं. चोच पाल्यातून खाली जाते आणि मातीत बी सोडते. आमच्याकडची साधी फणाची पेरणी यंत्रं इथं चालत नाहीत, फण पाला ओढत नेतो आणि दहा फुटावर गंजी लावतो. फणाऐवजी फिरत्या तव्यांनी पाला कापून पेरणारं तव्याचं यंत्र पाहिजे, ते आमच्या तालुक्यात मला तरी भाड्यानं मिळालं नाही. टोकताना एक शिकलो, ज्या दिशेनं बोरू झोपवला त्याच दिशेनं चालायचं. आडवं चाललं की चोच खोडावर आपटते, पाला वाकून खड्ड्यात जातो आणि बी मातीला न टेकता पाल्याच्या घडीत बसतं, तिथं उगवत नाही. माझ्या धुऱ्याकडच्या चार ओळी अशा गेल्या.

आता खरं खरं सांगतो, कारण असल्या पत्रात लोक उतारा दुप्पट झाला म्हणून ठोकून देतात. माझा उतारा वाढला नाही. गाडलेल्या एकरात मका २२ क्विंटल झाला, लोळवलेल्यात २१. पहिले तीन हप्ते तर लोळवलेला मका पाहून घरात कोणी बोलत नव्हतं माझ्याशी, बायको जेवायला वाढायची आणि वावराचा विषय काढायची नाही, एवढा तो पिवळट आणि खुजा होता. गाडलेला काळाभोर. कारण सरळ आहे, गाडलेल्या पाल्यातलं नत्र लवकर सुटतं, वर पडलेला हळूहळू कुजतो, शिवाय पाल्याखाली जमीन गार राहते आणि नोव्हेंबरच्या थंडीत मक्याला ते मानवत नाही. मी एक जास्तीचा युरियाचा हात दिला तेव्हा तो उठला. डिसेंबरनंतर मात्र चित्र फिरलं. गाडलेला एकर दहाव्या-अकराव्या दिवशी पाणी मागायचा, लोळवलेल्याला पंधरा दिवस निघायचे. माझ्या विहिरीचं पाणी जानेवारीत अर्धं होतं, त्यामुळं हे चार-पाच दिवस म्हणजे काय ते कोरडवाहूवाल्यालाच कळेल. फेब्रुवारीत काळ्या जमिनीला भेगा पडतात, पाय जाईल अशा, त्या पाल्याखाली बोटाएवढ्याच होत्या. निंदण गाडलेल्यात दोनदा, लोळवलेल्यात एकदा आणि तेही उरकतं. मजूर बायांचा रोज, डिझेल, पाण्याच्या पाळ्या सगळं धरून मला एक क्विंटल मक्याचं दुःख राहिलं नाही.

पण तण पूर्ण थांबतं हे खोटं आहे. बियांचं तण दबतं, माठ, केना, दीपमाळ वगैरे. हराळी, लव्हाळा आणि कुंदा, यांना पाल्याचं काही घेणंदेणं नाही, गाठीतून येतात आणि चटई फोडून वर. ज्याच्या वावरात कुंदा आहे त्यानं आधी कुंद्याचं पाहावं. आणि बियांचं तण दबायला सुद्धा पाला जाड लागतो, तिकडच्या संशोधनात हेक्टरी साधारण ८ टन वाळलेला पाला असा आकडा येतो, नुसत्या बोरूनं आपल्याकडं एवढा होणं अवघड. म्हणून यंदा मी बोरूत थोडी बाजरी मिसळलीय. बाजरीचा कडबा हळू कुजतो, आपल्या उन्हात बोरूचा पाला तर जानेवारीपर्यंत अर्धा गायब.

इथं एक हिशोब लक्षात ठेवायचा, तो मी फार उशिरा शिकलो. ज्या पाल्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी, म्हणजे ज्वारी-बाजरी-राय यांचा वाळका पाला, तो कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतो, कर्ब-नत्राचं गुणोत्तर पंचवीस-तीसच्या वर गेलं की हे होतं. त्यावर मका, गहू, ज्वारी पेरली की ती उपाशी राहते. म्हणून धान्याआधी द्विदल लोळवायचं, बोरू किंवा धैंचा, आणि सोयाबीन-हरभऱ्याआधी चिपाडाचं पीक चालतं कारण ती आपलं नत्र आपणच करतात. तिकडं पण मक्याआधी वेच नावाचं वाटाण्याच्या कुळातलं वेलवर्गीय पीक लोळवतात आणि सोयाबीनआधी राय. मी बाजरी थोडीच घातलीय ती याच भीतीनं, मूठभर, बोरूला टेकू म्हणून.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे आणि ती आपल्या विदर्भाची आहे. बोरू पाणी पितो. दोन महिने उभं पीक जमिनीतली ओल ओढतं आणि परतीचा पाऊस आला नाही, हस्त कोरडा गेला, तर रब्बीची पेरणी कोरड्यात. अलाबामावाले कापसाच्या पेरणीआधी तीन हप्ते राय लोळवून ठेवतात ते याचसाठी, की मधल्या पावसानं ओल परत भरावी. ज्याच्याकडं एकही पाणी द्यायची सोय नाही त्यानं अख्ख्या वावरावर हे करू नये, एखादा पट्टा करून पाहावा. आणि गोगलगाय. २०२२ साली लातूर-बीडकडं शंखी गोगलगाईनं सोयाबीन कसं खाल्लं ते तुमच्याच पेपरात वाचलं होतं, ओला पाला म्हणजे तिचं माहेर. आमच्याकडं अजून त्रास नाही पण मी सकाळी उलटून पाहतो. उंदीर वाढले हे खरं. साप एकच दिसला, धामण, तिला उंदरं खायची होती, पण बाया टोकायला यायला घाबरल्या, त्यांना गमबूट दिले तेव्हा आल्या. आणि वाळल्यावर बिडीचं थोटूक, त्याचं तर सांगायलाच नको, पांदणीकडच्या बाजूनं मी दहा फूट मोकळं ठेवलं.

आणखी एक अडचण आहे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गेली काही वर्षं आपल्याला सगळे सांगतात की सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर पेरा, आणि ते बरोबरच आहे, पाणी निघून जातं. पण ड्रम सपाट जमिनीवरच नीट चालतो, वरंब्यावर तो फक्त माथ्यावर टेकतो आणि सरीतली झाडं हसत उभी राहतात. म्हणजे एक शिफारस पाळली तर दुसरी मोडते. याचं उत्तर माझ्याकडं नाही, ज्यांच्याकडं शाळा-प्रयोगशाळा आहेत त्यांनी काढावं, वरंब्याच्या आकाराचा तुकड्या-तुकड्यांचा रोलर होऊ शकतो असं मला आपलं वाटतं.

एक सोपा रस्ता लोक सुचवतात, मला पण कृषी केंद्रात सुचवला गेला. ड्रम-बिम कशाला, फवारा मारा, बोरू दोन हप्त्यात वाळतो. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असा नियम काढला होता, तरी पंप पाठीवर घेऊन कोण मारतं ते आपल्याला दिसतंच. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. ती कीटकनाशकं होती, हे तणनाशक, मला फरक कळतो. पण त्या वर्षापासून माझी आई घरात पंप आणू देत नाही, वऱ्हांड्यात सुद्धा नाही, आणि या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं मोठं नाही. शेतीच्या पानावर पुढच्या वेळी लोळवलेल्या बोरूचा फोटो छापाल तेव्हा खाली एवढं लिहा की हे पीक फुलावर होतं. ४५ दिवस हा आकडा फक्त गाडण्यासाठी लिहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ तुमचा पेपर वाचतच असतील, त्यांना विनंती आहे की आपल्या काळ्या जमिनीत जुलैच्या कोणत्या हप्त्यात पेरलेला बोरू कधी फुलतो, लोळवल्यावर किती दिवसांनी रब्बी ज्वारी, गहू, मका पेरावा याच्या तारखा जिल्ह्यावार काढून द्याव्यात, खारपाणपट्ट्यासाठी धैंच्याच्या वेगळ्या, कारण तिकडं खरिपात काही जमिनी तशाही पाडून ठेवतात आणि धैंच्याला खारट जमीन चालते. अनुदानाच्या यादीत रोटाव्हेटर आहे, रोलर मला सापडला नाही. पण अनुदान यायच्या आधी सुद्धा गावोगावच्या अवजार बँकेत एकेक ड्रम ठेवला तरी भागेल, हे काही रोज लागणारं अवजार नाही, वर्षातून दोन दिवसांचं काम आहे. आणि प्रात्यक्षिक घेणाऱ्यांनी कृपा करून त्यांच्या सोयीच्या दिवशी येऊ नये, बोरूच्या सोयीच्या दिवशी यावं, आणि लोळवल्यावर दहाव्या दिवशी परत एकदा यावं. चहा आम्ही पाजू.

यंदाचा माझा बोरू मांडीच्या वर गेलाय, खालच्या कोपऱ्यात धैंचा पाण्यात उभा आहे, रोही (नीलगाई) रात्री येऊन आतच बसतात पण नुकसान विशेष नाही. पोळ्याच्या दिवशी ते म्हशीवाले काका बैल घेऊन वावरावरून गेले, थांबले, म्हणाले, "यंदा कधी निजवतं मंग?" मी म्हणलं काका, पिवळा होऊ द्या. ते म्हणाले, "मले सांगजो, म्हैस घेऊन येतो." येतीलच.

ड्रम गोठ्यामागं पडलेला असतो. आमच्या भागात कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, भाडं नाही, पाणी भरून न्यायचं आणि रिकामा करून आणायचा. फक्त बूच आठवणीनं परत आणा, मागच्या वेळचं हरवलं तर नवीन शोधायला तालुक्याला तीन चकरा झाल्या.

आपला,
एक वाचक कास्तकार,
ता. मालेगाव, जि. वाशिम